लकनं मैदान सोडलं ते बरोबरच होतं

२४ ऑगस्ट २०१९, शनिवारची रात्र. इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये कोल्ट्स आणि शिकागो बेअर्स यांच्यातला सराव सामना संपत आला होता. अमेरिकन फुटबॉलचा हंगाम सुरू व्हायला पंधरा दिवस होते आणि या सामन्याच्या निकालाला काही किंमत नव्हती. कोल्ट्सचा क्वार्टरबॅक अँड्र्यू लक पोटरी आणि घोट्याच्या दुखण्यामुळे साध्या कपड्यांत मैदानाच्या कडेला उभा होता. तेवढ्यात ईएसपीएनचे पत्रकार अ‍ॅडम शेफ्टर यांनी बातमी फोडली की लक निवृत्त होतोय. ती फोनवरून फोनवर पसरत स्टेडियमभर झाली. सामना संपून लक आत जायला निघाला, तेव्हा ज्या शहरानं त्याला इतकी वर्षं डोक्यावर घेतलं होतं, त्याच शहरातल्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

तो तेव्हा २९ वर्षांचा होता. खरं तर ही घोषणा दुसऱ्या दिवशी करायचं ठरलं होतं, पण बातमी फुटल्यामुळे त्याच रात्री पत्रकारांसमोर बसावं लागलं. बोलताना त्याचा आवाज भरून येत होता. गेली चार वर्षं दुखापत, वेदना, उपचार आणि पुन्हा दुखापत या फेऱ्यात आपण अडकलो आहोत आणि खेळातला आनंद त्यातच संपून गेला, असं त्यानं सांगितलं. हुर्यो ऐकू आली का, या प्रश्नावर, हो, आली आणि ती लागली, हेही त्यानं लपवलं नाही.

पुढचे काही दिवस अमेरिकेतल्या क्रीडा वाहिन्यांवर लकच्या जिद्दीचं मोजमाप चाललं होतं. कोणी त्याला नव्या पिढीचा नाजूक खेळाडू म्हटलं, तर कोणी त्यानं संघाला ऐन वेळी तोंडघशी पाडलं म्हणून बोल लावला. लकचा निर्णय बरोबर होता, आणि त्या रात्री कुणाला जाब विचारायचाच होता, तर तो वर्षानुवर्षं या तरुणाला उघड्यावर उभा करणाऱ्या व्यवस्थापनाला विचारायला हवा होता.

हे समजायला क्वार्टरबॅकचं काम थोडं जवळून पाहावं लागेल. अकरा-अकरा जणांच्या या खेळात चेंडू असलेल्या संघाला चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. प्रत्येक प्रयत्नाची सुरुवात चेंडू क्वार्टरबॅकच्या हातात येण्यानं होते. त्याच्यासमोर त्याचेच पाच धिप्पाड सहकारी उभे असतात, त्यांना ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात. पलीकडून सव्वाशे-दीडशे किलोचे प्रतिस्पर्धी त्याच्यावर चालून येतात. चेंडू हातात आल्यापासून तो फेकेपर्यंत मिळतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. तेवढ्यात आपले कोण कुठे धावतायत, समोरच्यांनी काय सापळा लावलाय, हे हेरून तीस-चाळीस यार्डांवर चेंडू अचूक पोचवायचा. आणि हे करताना नजर लांब ठेवायची, अंगावर येणाऱ्याकडे बघायचं नाही. चेंडू हातात असतानाच क्वार्टरबॅक खाली पाडला गेला, तर त्याला सॅक म्हणतात. फेकता हात वर गेलेला असतो, बरगड्या उघड्या असतात आणि मार बसतो तो नेमका तिथे.

म्हणजे क्वार्टरबॅक किती चांगला, हा प्रश्न अर्धाच असतो. उरलेला अर्धा प्रश्न त्या पाच जणांचा. ते कोण असावेत हे क्वार्टरबॅक ठरवत नाही, संघाचा जनरल मॅनेजर ठरवतो.

लक या खेळाच्या घरातच जन्मला. वडील ऑलिव्हर लक ह्यूस्टन ऑइलर्सचे क्वार्टरबॅक होते. पुढे अमेरिकन फुटबॉल युरोपात रुजवण्याच्या प्रयत्नांत ते सामील झाले, त्यामुळे अँड्र्यूचं बालपण लंडन आणि फ्रँकफर्टमध्ये गेलं आणि आपल्याकडे ज्याला फुटबॉल म्हणतात त्याचं वेड त्याला तिथेच लागलं. ह्यूस्टनच्या शाळेत तो अभ्यासातही पहिल्या रांगेतला होता. स्टॅनफर्ड विद्यापीठात त्यानं वास्तुरचनेचा अभ्यास केला. २०१० आणि २०११, दोन्ही वर्षी महाविद्यालयीन फुटबॉलमधल्या हाइझमन पारितोषिकासाठी तो दुसरा आला. २०११ च्या ड्राफ्टमध्ये त्याची पहिल्या क्रमांकावर निवड होणार हे सगळे धरून चालले होते. तेव्हा त्यानं डिग्री पुरी करायची म्हणून आणखी एक वर्ष विद्यापीठातच राहायचं ठरवलं. समोर कोट्यवधी डॉलर ठेवलेले असताना एकविसाव्या वर्षी असा विचार करणारा मुलगा पुढे आयुष्यातला आणखी एक मोठा निर्णय स्वतःच्या हिशेबानं घेईल, हे तेव्हाच ओळखू यायला हवं होतं.

ड्राफ्टची पद्धत अशी की आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला महाविद्यालयीन खेळाडूंमधून पहिली निवड मिळते. लकसाठी २०११ मध्ये काही संघांचे चाहते आपलाच संघ हरावा अशी उघड इच्छा करत होते. ती निवड मिळाली कोल्ट्सना. त्यांचा महान क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग मानेच्या शस्त्रक्रियांमुळे तो पूर्ण हंगाम बाहेर बसला आणि १६ पैकी फक्त दोन सामने संघानं जिंकले. मार्च २०१२ मध्ये कोल्ट्सनी मॅनिंगला मोकळं केलं, एप्रिलमध्ये लकला घेतलं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण पुढच्या साऱ्या प्रकरणाचं मूळ इथे आहे. एक माणूस जायबंदी झाला आणि चांगला नावाजलेला संघ थेट तळाला गेला. याचा अर्थ इतकी वर्षं मॅनिंगच्या कर्तबगारीमागे बाकी संघाचे दोष लपून राहिले होते. व्यवस्थापनानं यातून धडा घ्यायला हवा होता. त्यांनी एक असामान्य माणूस काढून त्याच्या जागी दुसरा असामान्य माणूस आणला आणि सगळा भार त्याच्या खांद्यावर टाकला.

लकनं तो पेलला, हेच दुर्दैव म्हणायचं. पहिल्याच हंगामात त्यानं ४,३७४ यार्ड पास फेकले, नवख्या क्वार्टरबॅकसाठी तो तेव्हाचा विक्रम होता. मुख्य प्रशिक्षक चक पगॅनो रक्ताच्या कर्करोगानं रुग्णालयात असताना ब्रूस एरियन्स यांनी संघ सांभाळला आणि त्या हंगामात एकूण ११ सामने जिंकले. २०१३ मध्ये पुन्हा ११. २०१४ मध्ये पुन्हा ११, आणि त्या वर्षी लकचे ४० टचडाउन पास, म्हणजे चेंडू गोलरेषेपार पोचवून गुण मिळवून देणारे पास, लीगमध्ये सर्वाधिक होते. संघ तिन्ही वर्षं बाद फेरीत पोचला.

त्यातला ४ जानेवारी २०१४ चा कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्धचा सामना लक काय चीज होता ते सांगतो. तिसऱ्या सत्रात कोल्ट्स १०-३८ असे मागे होते. प्रेक्षकांनी आशा सोडावी अशीच वेळ होती. मग एकेक करत अंतर कमी होत गेलं आणि चौथ्या सत्रात गोलरेषेच्या तोंडाशी धावपटू डोनाल्ड ब्राउनच्या हातून चेंडू सुटला, एका सहकाऱ्याच्या हेल्मेटवर आपटून उडाला आणि मागे उभ्या लकच्या हातात आला. क्षणाचाही विचार न करता लकनं त्या गर्दीत डोकं खाली घालून सूर मारला आणि टचडाउन केला. कोल्ट्स ४५-४४ असे जिंकले. या सुराच्या चित्रफिती आजही पुन्हा पुन्हा दाखवल्या जातात. ज्याच्यावर संघाचं दहा वर्षांचं भवितव्य उभं होतं, तो असा माणसांच्या ढिगाऱ्यात झेपावत होता आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

लकची आणखी एक गोष्ट प्रसिद्ध होती. ज्यानं आपल्याला आडवं पाडलं त्याच प्रतिस्पर्ध्याला तो उठता उठता शाबासकी द्यायचा, छान धडक दिलीस म्हणून. सुरुवातीला समोरच्यांना वाटायचं की हा आपल्याला डिवचतोय. मग कळलं की तो मनापासून बोलतोय. स्वभाव म्हणून हे गोडच, पण अशी शाबासकी देण्याची वेळ त्याच्यावर फार वेळा आली. पहिल्या हंगामात त्याला ४१ वेळा सॅक केलं गेलं. चार वर्षांनी, २०१६ मध्ये, पुन्हा ४१ वेळा.

या चार वर्षांत व्यवस्थापनानं काय केलं? ड्राफ्टमधली पहिल्या फेरीची निवड ही संघाकडची सगळ्यात मौल्यवान गोष्ट. २०१३ मध्ये कोल्ट्सनी ती बचावातल्या ब्यॉर्न वेर्नरवर खर्च केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये २०१४ ची पहिल्या फेरीची निवड क्लीव्हलंडला देऊन ट्रेंट रिचर्डसन हा धावपटू आणला, तो सपशेल अपयशी ठरला. २०१५ मध्ये पास झेलणारा फिलिप डॉरसेट घेतला, तोही विशेष चमकला नाही. क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभं राहणारा माणूस पहिल्या फेरीत घ्यायचं त्यांना सुचलं ते २०१६ मध्ये, सेंटर रायन केलीच्या रूपानं. तोवर लकचा खांदा निकामी होऊ लागला होता.

हे पैशाअभावी झालं असंही म्हणता येत नाही. २०११ च्या वेतन करारानं नवख्यांच्या पगाराला लगाम घातला. २०१० मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांचे ७.८ कोटी डॉलर कबूल झाले होते, त्यातले ५ कोटी हमीचे. दोनच वर्षांनी लकला चार वर्षांचे मिळून साधारण २.२ कोटी. पहिल्या प्रतीचा क्वार्टरबॅक तिसऱ्या प्रतीच्या भावात चार वर्षं हाताशी, अशी संधी संघाला क्वचित मिळते. वाचलेला पैसा त्याच्या संरक्षणासाठी नीट वापरायचा, हा साधा शहाणपणा. पण ११, ११ आणि ११ विजयांनी सगळ्यांचे डोळे दिपले. जिंकतोय ना, मग चाललंय ते ठीकच चाललंय!

सप्टेंबर २०१५ मध्ये लकच्या फेकत्या खांद्याला दुखापत झाली. दोन सामने बाहेर बसून तो परतला. ८ नोव्हेंबरला डेन्व्हरशी गाठ होती, समोर क्वार्टरबॅक म्हणून खुद्द पेटन मॅनिंग, आणि डेन्व्हर त्या हंगामात तोवर अपराजित. चौथ्या सत्राच्या सुरुवातीला चेंडू घेऊन धावताना लक दोघा बचावपटूंच्या मध्ये सापडला. मूत्रपिंडाला चीर गेली आणि पोटाचा स्नायू अर्धवट फाटला. लक उठला आणि खेळत राहिला. कोल्ट्स २७-२४ असे जिंकले. लघवीतून रक्त जात होतं, आणि दुखापत किती गंभीर आहे हे नंतर तपासण्यांत कळलं. उरलेला हंगाम तो खेळू शकला नाही.

या प्रसंगाकडे दोन प्रकारे पाहता येतं. अमेरिकेत तो बराच काळ शौर्याचा दाखला म्हणून सांगितला गेला. पण मूत्रपिंड फाटलेला माणूस चौथं सत्र खेळून काढतो, तेव्हा दाद देण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा, की त्याला बाहेर काढायची जबाबदारी कुणाची होती? खेळाडू स्वतः कधीच म्हणणार नाही की मला बाहेर घ्या. वयाच्या दहाव्या-बाराव्या वर्षापासून त्याला उलटंच शिकवलेलं असतं. आपल्याकडे दुखणं अंगावर काढणं म्हणतात, त्याची तिथे संस्कृतीच आहे, आणि तिचा हिशेब चुकता करायला लागतो तो एकट्या खेळाडूला.

२०१६ च्या उन्हाळ्यात कोल्ट्सनी लकशी १४ कोटी डॉलरचा करार केला, तोवरचा लीगमधला सर्वांत मोठा. तो हंगाम त्यानं दुखऱ्या खांद्यानिशी काढला. आठवड्याचा सरावही त्याला धड करता येत नव्हता, तरी रविवारी मैदानावर उतरायचं. जानेवारी २०१७ मध्ये खांद्याची शस्त्रक्रिया झाली. २०१७ चा पूर्ण हंगाम तो खेळला नाही. आता येईल, पुढच्या महिन्यात येईल, अशा आशा दाखवल्या गेल्या. ऑक्टोबरमध्ये सराव सुरू केला, खांदा पुन्हा दुखायला लागला, इंजेक्शन घ्यावं लागलं, शेवटी नोव्हेंबरमध्ये त्याचं नाव हंगामापुरतं काढलं. उपचारांसाठी तो नेदरलँड्सला गेला. आपण पुन्हा कधी नीट चेंडू फेकू शकू की नाही, याचीच त्याला तेव्हा शंका होती. मुख्य म्हणजे २०१६ सारखं, सराव न करता वेदना गिळत खेळणं आपण पुन्हा करायचं नाही, असं त्यानं स्वतःशी ठरवून टाकलं. पुढे निवृत्तीच्या रात्री त्यानं हेच कारण सांगितलं. ऐकणाऱ्यांना ते अचानक वाटलं असेल, पण त्याच्या मनाशी ते केव्हाच पक्कं झालेलं होतं.

मधल्या काळात एक गोष्ट घडली आणि ती या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा पुरावा आहे. जनरल मॅनेजर रायन ग्रिगसन यांना जानेवारी २०१७ मध्ये हटवून ख्रिस बॅलर्ड आले. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्यांनी सहाव्या क्रमांकावर क्वेंटन नेल्सन हा गार्ड घेतला, दुसऱ्या फेरीत ब्रेडन स्मिथ. दोघेही क्वार्टरबॅकच्या पुढ्यात उभे राहणारे. नवे प्रशिक्षक फ्रँक राइक यांनी चेंडू लवकर हातातून सुटेल अशा चाली बसवल्या. त्या हंगामात लकनं ३९ टचडाउन पास फेकले, ४,५९३ यार्ड केले, आणि सोळा सामन्यांत तो सॅक झाला फक्त १८ वेळा. सुरुवातीला एक विजय आणि पाच पराभव अशा गाळात असलेला संघ दहा सामने जिंकून बाद फेरीत गेला, तिथे ह्यूस्टनलाही हरवलं. दमदार पुनरागमनाचं लीगचं पारितोषिक लकला मिळालं.

थोडक्यात, त्याला वाचवणं शक्य होतं. एका ड्राफ्टमध्ये दोन चांगले खेळाडू घेतले, चाली बदलल्या आणि मार निम्म्याहून कमी झाला. जे २०१८ मध्ये जमलं ते २०१३ मध्येही जमलं असतं. मधल्या पाच वर्षांत लकच्या शरीराचं जे झालं ते खेळाचा अटळ भाग म्हणून सोडून देता येणार नाही. तोवर यादी मोठी झाली होती: बरगड्यांच्या कूर्चा, पोटाचा स्नायू, मूत्रपिंड, खांद्याच्या सांध्यातली कूर्चा, डोक्याला बसलेला मार. २०१९ च्या उन्हाळ्यात पोटरीचं दुखणं सुरू झालं, ते घोट्यापर्यंत गेलं आणि काही केल्या बरं होईना, तेव्हा पुन्हा तेच चक्र त्याला समोर दिसलं.

निवृत्तीची वेळ चुकली, हा आक्षेप मात्र उडवून लावण्यासारखा नाही. हंगाम पंधरा दिवसांवर असताना संघाला दुसरा क्वार्टरबॅक शोधायला सवड उरली नव्हती. लोकांनी तिकिटं काढली होती, घरातल्या मुलांसाठी १२ नंबरच्या जर्सी घेतल्या होत्या. त्यांचा संताप खोटा नव्हता. पण लक मार्चमध्येच मनातून निवृत्त होता आणि ऑगस्टपर्यंत गप्प बसला, असं मानायला काही आधार नाही. तो उन्हाळाभर पाय बरा करायच्या मागे होता. कोल्ट्सच्या व्यवस्थापनालाही हे ठाऊक होतं. म्हणूनच करारानुसार लकला आधीच दिलेले जवळपास २.४८ कोटी डॉलर परत मागायचा हक्क असूनही त्यांनी ते मागितले नाहीत. तेव्हाचे मालक जिम इर्से यांच्या खात्यात ही गोष्ट जमेच्या बाजूला लिहायला हवी.

घरच्या प्रेक्षकांनी आपल्याच लाडक्याची हुर्यो उडवणं मुंबईलाही माहीत आहे. मार्च २००६ मध्ये वानखेडेवर इंग्लंडविरुद्धच्या कसोटीत सचिन तेंडुलकर २१ चेंडूंत एक धाव काढून बाद झाला, तेव्हा परतताना त्याला तेच ऐकावं लागलं. त्यानंतर काही दिवसांतच लंडनमध्ये त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. सचिन पुढे सात वर्षं खेळला, त्याच वानखेडेवर विश्वचषक उचलला आणि तिथेच निरोपही घेतला, म्हणून ती आठवण पुसली गेली. पण त्या दिवशी स्टँडमधून ओरडणाऱ्यांना त्या खांद्यात काय चाललंय याचा पत्ता नव्हता, आणि इंडियानापोलिसकरांनाही लकच्या अंगात काय काय मोडलंय ते दिसत नव्हतं.

आणि हे एकट्या लकच्या बाबतीत घडलं असंही नाही. त्याच्याच ड्राफ्टमध्ये दुसऱ्या क्रमांकावर रॉबर्ट ग्रिफिन गेला, वॉशिंग्टनकडे. त्याच्यासाठी वॉशिंग्टननं पहिल्या फेरीच्या तीन आणि दुसऱ्या फेरीची एक निवड मोजली. पहिल्या हंगामात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. डिसेंबरमध्ये गुडघा दुखावला, तरी ६ जानेवारी २०१३ ला सिएटलविरुद्ध बाद फेरीत तो उतरला. पहिल्याच सत्रात लंगडायला लागला. सगळ्या देशाला दूरचित्रवाणीवर ते दिसत होतं, प्रशिक्षकांनाही दिसत होतं. त्यानं खेळू द्या म्हटलं आणि त्यांनी खेळू दिलं. चौथ्या सत्रात जमिनीवर आलेला चेंडू उचलायला वाकताना त्याचा गुडघा गेला. पुढे अनेक वर्षं तो या ना त्या संघात दिसला, पण २०१२ चा ग्रिफिन परत कधी दिसला नाही. गुडघा गेला तेव्हा तो बावीस वर्षांचा होता.

२०२२ मध्ये मायामीच्या टुआ टॅगोवायलोआच्या बाबतीत याहून भयंकर घडलं. २५ सप्टेंबरला धडक बसून उठताना त्याचा तोल गेला, तरी त्याला पुन्हा मैदानावर पाठवलं. चारच दिवसांनी सिनसिनाटीत पुन्हा डोकं आपटलं आणि त्याच्या हाताची बोटं वेडीवाकडी ताठरलेली लाखोंनी पाहिली. स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. त्यानंतर कुठे नियम बदलला: ज्याचा तोल जाताना दिसेल त्यानं त्या दिवशी परत खेळायचं नाही. इतकी उघड गोष्ट नियमात यायला एका चोवीस वर्षांच्या मुलाचा मेंदू पणाला लागावा लागला, याची लाज लीगला वाटायला हवी.

आणि खुद्द कोल्ट्सनी लकपासून काय शिकावं? २०१९ ते २०२३ अशी पाच वर्षं त्यांच्या पहिल्या सामन्याला दर वेळी नवा क्वार्टरबॅक उतरला: जकोबी ब्रिसेट, फिलिप रिव्हर्स, कार्सन वेन्ट्झ, मॅट रायन, अँथनी रिचर्डसन. लकनंतरच्या पहिल्या सहा हंगामांत बाद फेरीतला एकही सामना त्यांना जिंकता आला नाही. यातला रिचर्डसनचा अनुभव मन खट्टू करणारा आहे. २०२३ मध्ये त्याला चौथ्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो विशीचा होता आणि फ्लोरिडा विद्यापीठासाठी पहिल्यापासून खेळलेले त्याचे सामने होते अवघे तेरा. अशा मुलाला वर्ष-दोन वर्षं मागे ठेवून शिकवावं, हे कुणीही सांगेल. ग्रीन बेनं आरन रॉजर्सला तीन वर्षं थांबवलं, नंतर जॉर्डन लव्हलाही तीन वर्षं थांबवलं. कॅन्सस सिटीनं पॅट्रिक महोम्सलासुद्धा पहिलं वर्ष जवळपास पूर्ण बसवलं. कोल्ट्सनी रिचर्डसनला पहिल्याच सामन्यात उतरवलं. चार सामन्यांत डोक्याला मार आणि मग खांद्याची शस्त्रक्रिया. २०२४ मध्ये ह्यूस्टनविरुद्ध धावून धावून दम लागला म्हणून त्यानं एका चालीपुरती विश्रांती मागितली, तर देशभर त्याच्यावर टीका झाली आणि संघानं त्याला बसवून ३९ वर्षांच्या जो फ्लॅकोला उतरवलं.

लकनं मूत्रपिंड फाटलेलं असताना विश्रांती मागितली नाही म्हणून तो शूर, आणि रिचर्डसननं दम लागल्यावर मागितली म्हणून तो नालायक, असा हा न्याय. पुढचा मुलगा यातून काय शिकेल हे उघड आहे. तो गप्प राहील आणि पुन्हा एखादी दुखापत तपासणीत कळेपर्यंत उशीर झालेला असेल.

लक आता पुन्हा फुटबॉलमध्ये आहे. मधल्या काळात त्यानं स्टॅनफर्डमधून शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतली, पालो आल्टोतल्या एका शाळेच्या मुलांना शिकवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये स्टॅनफर्डनं त्याला फुटबॉल संघाचा जनरल मॅनेजर नेमलं. २०२५ च्या मार्चमध्ये त्यानं मुख्य प्रशिक्षकाला हटवलं आणि त्या हंगामापुरते आणले फ्रँक राइक, २०१८ मध्ये ज्यांच्या हाताखाली तो सर्वांत कमी मार खाऊन खेळला तेच. कुणाला कुणाच्या पुढे उभं करायचं, दुखावलेल्या पोराला केव्हा बाहेर काढायचं, हे ठरवणाऱ्यांत आता लक स्वतः आहे.

व्यावसायिक लीगची दिशा मात्र उलटी आहे. २०२१ मध्ये १६ चे १७ सामने झाले आणि मालकांना आता १८ हवेत. सध्याचा वेतन करार २०३० च्या हंगामापर्यंत आहे, म्हणजे अठराव्या सामन्यासाठी खेळाडूंच्या संघटनेची संमती लागणार. संघटनेनं ती फक्त पैशाच्या बदल्यात देऊ नये. खेळाडूला मैदानाबाहेर काढण्याचा अंतिम अधिकार संघाच्या पगारावर नसलेल्या डॉक्टरांकडे असावा, आणि तो डोक्यापुरता न ठेवता खांदा, गुडघा, मूत्रपिंड सगळ्यांना लागू असावा. विश्रांती मागितली म्हणून खेळाडूची जागा काढून घेता येणार नाही, अशी तरतूद करारात असावी. एवढं पदरात पडत नसेल, तर अठराव्या सामन्याला संघटनेनं स्वच्छ नकार द्यावा.